खाटेवरच्याला हात नाही

(फोटोफ्रेमच्या दुकानामागची खोली. रविवारची दुपार, शटर अर्धं खाली. मधोमध काच कापायचं मोठं टेबल. दुकान दादाचं, वहिनी ही त्याची बायको. ठकी ही त्याची धाकटी बहीण. काही वर्षांनी आज पहिल्यांदा या खोलीत आली आहे.)

ठकी: वाच. मोठ्याने वाच. स्वतःच लिहिलंयस ना, मग आता लाज कसली?

दादा: आधी बस तरी. आणि चप्पल काढू नकोस, खाली काचा असतात.

ठकी: मी बसायला आलेली नाही. पान वाच.

दादा: तुला हे दिलं कुणी? खेळाचं पुस्तक अजून छापूनसुद्धा आलेलं नाही. उद्या जायचंय छापायला.

ठकी: म्हणून तर आज आले. तू वाचत नाहीस ना? मी वाचते. ‘उलटी सराय. समुद्र आटला तेव्हा एक प्रचंड गलबत पालथं पडलं. त्याच्या पोटाखाली ही सराय आहे. छपराला अजून शेवाळ दिसतं, पण वाळलेलं. थकलेले प्रवासी इथल्या खाटांवर निजतात. खेळ इथून सुरू होतो. सकाळी कोपऱ्यातल्या खाटेवर शिंपली नावाची पाणाडीण मेलेली सापडते. गळा चिरलेला.’ गळा चिरलेला! वा!

दादा: गोष्टीची सुरुवात आहे ती. पहिल्याच पानावर काहीतरी घडावं लागतं, नाहीतर कोण खेळणार?

ठकी: मग घडव ना! कोणी अडवलंय? मिठाचं वादळ आण. दीपस्तंभ पाड. अख्खा तळदेश पडलाय तुझ्यापुढे, एवढ्या गलबतवाड्या, एवढी खारट माणसं, आणि मारायला तुला शिंपलीच सापडली? तीसुद्धा झोपलेली?

दादा: अगं, खेळातलं माणूस आहे ते.

ठकी: खेळातलं? तू म्हणतोस हे? लहानपणी तुझ्या राजाला मी नुसतं लंगडा म्हटलं तर दोन दिवस जेवला नव्हतास!

वहिनी: अरे, जरा हळू. समोरचा चावीवाला काम सोडून इकडेच बघत बसलाय. ठकू, चहा टाकलाय मी. आलीस तशी उभीच आहेस.

ठकी: वहिनी, तू मध्ये पडू नकोस.

वहिनी: नाही बाई पडत. शटर पूर्ण ओढते फक्त. आधीच गल्लीतले विचारतात, तुमच्याकडे दर रविवारी कसली भांडणं चालायची? मी सांगते, भांडणं नाहीत हो, खेळ आहे. एक जण सूत्रधार होऊन जग सांगतो, बाकीचे त्यात माणसं होऊन राहतात, आणि अडलं की फासा टाकतात. तर म्हणतात, मग त्यात एवढं ओरडतात कशाला?

ठकी: कशाला ते आता सांगेल हा. दादा, नियम काय होता?

दादा: माहीत आहे मला नियम.

ठकी: सांग ना मग. नवीन माणूस आलं की घसा खाकरून सांगायचास. आज काय झालं?

दादा: जो टेबलावर नाही, त्याचं माणूस सरायमध्ये झोपलेलं. आणि खाटेवरच्याला हात नाही.

ठकी: कुणाचा हात नाही?

दादा: कुणाचाच नाही.

ठकी: चोराचा नाही, राक्षसाचा नाही आणि सूत्रधाराचा तर नाहीच नाही. कुणी केला होता हा नियम?

दादा: बाबांनी.

ठकी: का केला होता?

दादा: ठके, ते आता काढू नकोस.

ठकी: काढणार! वहिनी, तुला माहितीये? मी गोवराने पडले होते, डोळे उघडत नव्हते, आणि या शहाण्याने त्या वेळात माझी शिंपली खेकड्याला खायला घातली. खेकड्याला!

वहिनी: हे मला कधी सांगितलं नाहीस तू.

दादा: मी दहा वर्षांचा होतो! आणि ती रोज म्हणायची उद्या खेळू, उद्या खेळू. मी किती थांबणार?

ठकी: बघ, तेव्हाही हेच. किती थांबणार! मी घर डोक्यावर घेतलं, ताप चढला, मग बाबा आले नकाशाच्या टेबलावरून उठून, कानाला पेन्सिल तशीच. म्हणाले, आजपासून जो हजर नाही तो झोपलेला, आणि झोपलेल्या माणसाला या घरात कुणी हात लावणार नाही. खेकड्याला माझी शिंपली परत ओकायला लावली त्यांनी. आणि दुसरा नियमही तेव्हाच केला. तो आठवतोय का?

दादा: ज्याचा जीव, त्याचा फासा.

ठकी: म्हणजे काय?

दादा: तुझ्या वहिनीला माहीत आहे ते.

ठकी: मी तुला विचारतेय.

दादा: म्हणजे कुणाच्या जिवावर बेतलं तर फासा त्यानेच टाकायचा. दुसऱ्याने नाही. झालं समाधान?

ठकी: समाधान! माझा फासा कुणी टाकला मग? कुणी टाकला दादा?

वहिनी: टाकलाच नाही कुणी.

दादा: तू गप्प बस गं.

वहिनी: का गप्प बसू? मी होते ना या टेबलावर. पुस्तकाबिस्तकाच्या आधीची गोष्ट आहे ती, ठकू. पुस्तकात नंतर आली. आधी ती इथे घडली, या टेबलावर, सगळ्यांच्या देखत.

ठकी: म्हणजे तू खेळात मारलंस मला? खऱ्या खेळात?

दादा: हो. मारलं.

ठकी: आणि वर तोंड करून सांगतोस!

दादा: मग काय करू? खाली करून सांगू? तू चार पावसाळे इकडे फिरकली नाहीस. चार! फोन उचलत नव्हतीस. दिलेला निरोप नवऱ्याकडून परत यायचा. आणि मी इथे दर रविवारी तुझी खाट सांभाळत बसलो. भूगोलाचे सर विचारायचे, शिंपली कुठेय? झोपलीये. बसवाला विचारायचा, शिंपली असती तर पाणी सापडलं असतं, उठवायची का? नाही, झोपलीये. वकिलीणबाई म्हणाल्या, अहो, ही किती झोपते? सगळे हसले. मीसुद्धा हसलो. कसा हसलो ते माझं मला माहीत.

ठकी: मग तेव्हा सांगायचंस, नाही येत ती. संपलं.

दादा: कसं सांगू? तू आलीच नाहीस सांगायला!

ठकी: मी का आले नाही ते तुला माहीत नव्हतं?

दादा: माहीत होतं.

ठकी: मग बोल ना ते. त्या बसवाल्याला सांगितलंस का? सांगितलंस का, की बाप मेला तरी मी बहिणीला कळवलं नाही, म्हणून ती येत नाही?

वहिनी: ठकू.

ठकी: नाही, आज होऊनच जाऊ दे. मला सगळं आटोपल्यावर कळलं, वहिनी. सगळं. त्यांचे कपडे कुणाकुणाला देऊन झाले होते. कपाट रिकामं झालं होतं. त्यांच्या पेन्सिलींचा डबासुद्धा मला बघायला मिळाला नाही.

दादा: डबा आहे. वर माळ्यावर आहे. तुझ्यासाठीच ठेवलाय.

ठकी: डबा ठेवलास! वा रे वा! माणूस घालवलास आणि डबा ठेवलास!

दादा: तुला पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही म्हणून सांगितलं होतं डॉक्टरांनी. मी समोर होतो. तुझा नवरा होता. स्पष्ट म्हणाले, हिला आता कसलाही धक्का नको, आधी दोन गेलीत, हे टिकवायचं असेल तर हलवू नका. मी काय करायला हवं होतं? तुला रिक्षात घालून आणायचं होतं?

ठकी: मला विचारायचं होतं!

दादा: आणि काही झालं असतं म्हणजे? आज ती पोर आहे ना? तीन वर्षांची झाली ना? धावते ना ती? का धावते? कारण मी तोंड शिवून बसलो म्हणून धावते!

ठकी: हे तुला कोण म्हणालं? तू डॉक्टर आहेस? तू काच कापतोस दादा! तुला काय माहीत ती कशामुळे राहिली?

दादा: आणि तू कवळ्या करतेस, तुला तरी काय माहीत?

वहिनी: झालं! आता धंदे काढा एकमेकांचे. लाजा नाहीत दोघांना.

ठकी: माझ्या नवऱ्याशी भांडून झालंय माझं. त्याने सांगितलं, मला तुझ्या दादाने शपथ घातली. सहा महिने त्याच्याशी धड बोलले नाही, मग बोलले. त्याचं फिटलं. तुझं राहिलंय.

दादा: मग आजच फेडून टाक. काय करू? पाया पडू?

ठकी: नको. मला एवढंच सांग, तुझ्या मनात आलं तरी कसं? समोर बाप जातोय. बहीण गावातच आहे, रिक्षाने गेलं तर चहा थंड व्हायच्या आत पोचेल. आणि तुझ्या हातात फोन आहे. तेव्हा तुझ्या डोक्यात काय होतं?

दादा: हसशील.

ठकी: मी? आज? हसणार?

दादा: नियम होता डोक्यात.

ठकी: कुठला नियम?

दादा: खाटेवरच्याला हात नाही.

वहिनी: अरे देवा.

दादा: तू खाटेवर होतीस. मला तेवढंच सुचत होतं. डॉक्टर काय म्हणाले ते नंतरचं. दवाखान्याच्या त्या बाकावर बसलो होतो, फोन काढला, तुझं नाव काढलं, आणि मनात तेच आलं, बाबांच्याच आवाजात. झोपलेल्या माणसाला या घरात कुणी हात लावणार नाही. फोन खिशात टाकला. मला वाटलं, बाबांचंच ऐकतोय मी.

ठकी: खेळातला नियम! माझ्या बापाच्या मरणाला तू खेळातला नियम लावलास?

दादा: आपला दुसरा नियम होता तरी कुठला? या घरात जेवढं शिकलो ते खेळाच्या त्या नकाशावरच शिकलो ना आपण? तुझा निळा खडू संपला म्हणून तू समुद्र मातीच्या रंगाने रंगवलास. बाबांनी विचारलं, पाणी कुठे गेलं? तू म्हणालीस, गेलं. दुसरा कुणी बाप असता तर म्हणाला असता, चूक आहे, खोड. ते काय म्हणाले?

ठकी: म्हणाले, गेलं ना, मग आता तळाला काय उरलं ते काढा.

दादा: तिथून हा सगळा तळदेश निघाला. भरतीवाले, ओहोटीवाले, तो दिवेकरी, समुद्र गेला तरी रोज संध्याकाळी दिवा लावणारा. मी एकदा नदी डोंगरावर चढवली तर किती ओरडले होते.

ठकी: म्हणाले, पाणीखात्यात जन्म गेला माझा, आणि माझ्या घरात नदी चढावर जाते, गाढवांनो!

वहिनी: हे पुस्तकात घ्यायला हवं होतं तू.

ठकी: विषय बदलू नका. मला गुंडाळू नका तुम्ही दोघं. मी ओळखते याला, गोड बोलून समोरच्याला नकाशात नेतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

दादा: मूळ गोष्ट सांगतो मग. तुला कधी सांगितली नाही ती. शेवटच्या दुपारी ते शुद्धीवर होते. चांगले होते. उशी उंच करून मागितली. खिडकीतून बघत होते. मग म्हणाले, ठकी कुठेय?

ठकी: काय?

दादा: म्हणाले, ठकी कुठेय. मी म्हटलं, सरायमध्ये आहे, बाबा. त्यांना लगेच कळलं. हसले थोडे. म्हणाले, मग बरं. डोळे मिटून घेतले. ठके, ते शांत होते, एवढंच मला तुला सांगायचं होतं, इतकी वर्षं. तू कुठे आहेस ते त्यांना ठाऊक होतं. तू सुखरूप आहेस हे ठाऊक होतं.

ठकी: त्यांनी मला हाक मारली?

दादा: हाक म्हणजे, विचारलं गं.

ठकी: मला हाक मारली त्यांनी. शुद्धीत. उशी घेऊन.

दादा: मला वाटलं, हे ऐकून तुला जरा...

ठकी: जरा काय? बरं वाटेल? हाक माझी होती, दादा! मला मारली होती! आणि ओ तू दिलीस!

वहिनी: ठकू, बस खाली. बस.

ठकी: नाही बसत! कोण लागून गेलास तू परस्पर ओ देणारा? मी मेले होते का? जिवंत होते ना, छताकडे बघत पडले होते, पंख्याची पाती मोजत! फोन कानाला लावला असतास तर ‘बाबा’ एवढं तरी म्हटलं असतं मी! एवढं म्हणायला पलंगावरून उठावं लागतं?

दादा: नाही उठावं लागत.

ठकी: मग?

दादा: मग काही नाही. हे मला आज कळतंय. फोन कानाला लावता आला असता. इतकी वर्षं मी तुला रिक्षात घालून आणायचं की नाही, याचाच विचार करत आलो.

वहिनी: चहा गेला उतू. जाऊ दे. मी सांगू का आता थोडं? का मलाही गप्प बसवणार आहात?

ठकी: तू सांग. हा नकाशात नेतो.

वहिनी: ते पान मी पाठवलं तुला.

दादा: तू?

वहिनी: हो, मी. पाकिटात घालून, टपालाने. तुझ्या हातून तर काही होत नव्हतं. ठकू, तुला वाटतंय इथे दर रविवारी दरबार भरतो आणि हा राजासारखा बसतो. कुणी येत नाही इथे. शिंपली मेली त्या रविवारपासून कुणी आलेलं नाही.

ठकी: का?

वहिनी: का म्हणजे? झोपलेली मारली याने! वकिलीणबाई तिथल्या तिथे उठल्या. म्हणाल्या, माझ्या मुलाची परीक्षा आहे, पुढच्या महिन्यात मी येणार नव्हते, आता मी माझं माणूस कुठे ठेवू? बसवाला तर रडवेला झाला. त्याच्या पाळ्या लागतात, तो वर्षातून किती रविवार खाटेवरच असायचा. सरांनी फासे पिशवीत भरले आणि ते निघाले. जाताना मला म्हणाले, वहिनी, राक्षसांची भीती नव्हती हो कधी, कारण मागे सराय होती.

ठकी: आणि हा?

वहिनी: हा दर रविवारी टेबल पुसतो. वरचं हिरवं कापड झटकतो, काचेचा कण राहिला असेल तर कुणाच्या बोटात जाईल म्हणून. खुर्च्या लावतो. मग एकटा बसून ते पुस्तक लिहितो. मी म्हटलं, अरे, लोकांची माफी माग, परत बोलव. तर म्हणे, टेबलावर घडलेलं मागे घेता येत नाही.

ठकी: मग का मारलंस? इतकं माहीत होतं तर का मारलंस? कोण नडलं होतं?

दादा: तू.

ठकी: मी काय केलं?

दादा: त्याच दिवशी सकाळी. बाजाराच्या तोंडाशी, चष्म्याच्या दुकानापाशी. तुझ्या खांद्यावर पोर होती, पिवळं टोपडं घातलेली. मी पहिल्यांदा बघत होतो तिला. पहिल्यांदा! हात वर केला मी. तू बघितलंस. नाही म्हणू नकोस, बघितलंस तू. आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेलीस.

ठकी: हो. गेले.

दादा: मला वाटलं, गाडीबिडी आली असेल म्हणून...

ठकी: गाडी नव्हती. तू दिसलास म्हणून ओलांडला.

दादा: माहीत आहे मला. तसाच उभा राहिलो मी हात वर करून, चष्मेवाल्याला वाटलं त्यालाच बोलावतोय. संध्याकाळी सगळे जमले. बसवाल्याने नेहमीसारखं विचारलं, शिंपली? आणि माझ्या तोंडून आलं, मेली. आतून आलं ते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, रात्री मावशी आली आणि गळा चिरून गेली. आणि ऐक, मला बरं वाटलं. तेवढ्यापुरतं खूप बरं वाटलं.

ठकी: मावशीने?

दादा: हो.

ठकी: सराय चालवते ती मावशी? जी सगळ्यांना पांघरूण घालते?

दादा: तीच.

ठकी: म्हणजे तूच की. तिचा आवाज तूच काढायचास. नीच आहेस तू, दादा.

दादा: आहे. पुस्तकातून काढतो मी ते पान. आत्ता फोन करतो त्यांना, उद्या छापू नका म्हणून. शिंपली झोपलेलीच राहील. खाटेवर. कुणी हात लावणार नाही.

ठकी: खबरदार पान काढशील तर!

वहिनी: आता हे काय? मघापासून त्या पानावरूनच चाललंय ना?

ठकी: मला परत झोपवतोय हा! कळत कसं नाही तुम्हाला? बाबा गेले तेव्हा झोपलेली, खेळात झोपलेली, मारली तेव्हा झोपलेली. तिला मारलंस त्याचा मला राग नाहीये दादा. मेली असती, काय त्यात! तिला किती वेळा मरता मरता वाचवलंय मी. पण मरायला बोलवायचं होतंस मला. माझं मरण होतं ना ते? त्यालाही मी नाही?

दादा: नाही काढत पान.

ठकी: शिंपली कुठेय?

दादा: कोण?

ठकी: बाहुली. मी केलेली. कवळीच्या गुलाबी प्लास्टिकची. फेकलीस का?

वहिनी: फेकतो कसली. फळीवर आहे, काडेपेटीत. तिची खाट. वर रुमालाचा तुकडा पांघरलेला. मेल्यावरही पांघरूण काढलं नाही याने.

ठकी: दे इकडे. अगं बाई. हिचं नाक मीच घासलं होतं, जास्तच घासलं गेलं. ठेव इथे. आणि फासा आण. वीसतोंडी.

दादा: कशाला?

ठकी: ज्याचा जीव, त्याचा फासा. माझा फासा पडलेला नाही. जोवर मी टाकत नाही तोवर ती मेलेली नाही आणि जिवंतही नाही. बाबांचा नियम आहे. बस तिकडे, तुझ्या जागेवर. रात्र सांग.

दादा: ठके, नको गं.

ठकी: सांग म्हणते ना! चार वर्षं मला न विचारता सांगत होतास, आता समोर बसलेय तर घशात अडकलं?

वहिनी: सांग रे. मी पण बसते. माझी भरतीवाली होतीच त्या रात्री सरायमध्ये. ती काय, घोरत असेल.

दादा: रात्र आहे. उलटी सराय. बाहेर मिठावरून वारा वाहतोय, सुकलेल्या डोलकाठ्या करकरताहेत. लांब दिवेकऱ्याचा दिवा दिसतोय. आत सगळे झोपलेत. कोपऱ्यातल्या खाटेवर शिंपली आहे. खूप दिवस झोपली आहे. मावशी येते. एका हातात दिवा आहे, एका हातात...

ठकी: नीट बोल. काय आहे हातात?

दादा: एका हातात मासे साफ करायची सुरी. मासे नाहीत आता, पण सुरी आहे. मावशी शिंपलीच्या उशाशी उभी राहते.

ठकी: शिंपली पाणाडीण आहे. जमिनीखालचं पाणी तिला झोपेत ऐकू येतं. पावलं ऐकू येणार नाहीत?

दादा: येऊ शकतात.

ठकी: मग तिला जाग येते. किती हवेत?

दादा: जाग येते, ती धरली. फासा नको त्याला. पण मावशी अगदी जवळ आहे. सुरी चुकवायची तर... अकरा. अकरा किंवा वर.

ठकी: आठ म्हणालास तरी चाललं असतं, पण नाही, अकराच म्हण. टाकते.

वहिनी: माझे डोळे मिटलेत. सांगा मला.

ठकी: चार.

दादा: नाही धरायचा हा! टेबल हललं. माझा गुडघा लागला खालून. परत टाक.

ठकी: नाही लागला.

दादा: अगं, लागला! हिला विचार!

वहिनी: मी डोळे मिटले होते बाबा.

दादा: काचेचा कण असेल कापडाखाली. फासा अडखळला. ठके, टाक ना परत. काय बिघडतंय? एकदा टाक.

ठकी: पडला तो पडला. चार. मेली शिंपली.

दादा: लहानपणी बाबांनी खेकड्याला ओकायला लावलं होतं ना? तसं आत्ता...

ठकी: तेव्हा मी तिथे नव्हते, म्हणून ओकला खेकडा. आता मी आहे. मरताना एक वाक्य मिळतं ना?

दादा: मिळतं.

ठकी: शिंपली दिव्याकडे बघते. मग मावशीकडे बघते. म्हणते, एवढा दिवाबिवा कशाला आणलास, मावशी? नुसती हाक मारली असतीस तरी उठले असते.

वहिनी: अरे, तू सूत्रधार आहेस. मावशी काय म्हणते ते सांगावं लागतं.

दादा: मावशी काही म्हणत नाही. मावशीला बोलता येत नाहीये.

ठकी: नको बोलू म्हणावं. पानावर बदल कर. झोपेत मेली नाही. जागी झाली, बोलली, मग मेली. तसं छापू दे. आणि तो डबा दे माळ्यावरचा.

दादा: आत्ता काढतो. थांबतेस ना? चहा परत टाकेल ही.

ठकी: नाही थांबत. पोर झोपून उठायची वेळ झाली. माझा राग गेलाय असं समजू नकोस. गेलेला नाही. जायचा तेव्हा जाईल, नाहीतर नाही जायचा.

वहिनी: आणि रविवारी? त्या तिघांनाही मीच निरोप धाडते, याच्या भरवशावर नको.

ठकी: नवीन माणूस लागेल मला. ओहोटीवाली करीन म्हणते, भांडकुदळ. कापड नीट झटकून ठेव, पोरीला आणेन कदाचित.

दादा: आण. आण ना. ठेवतो झटकून.

ठकी: आणि ऐक. एखाद्या रविवारी आले नाही, तर मला परस्पर झोपवू नकोस. हाक मार. ओ द्यायची की नाही ते मी बघेन.